जीपचं दावं

१९८३ सालची ही गोष्ट. लातूर जिल्हा होऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. आदल्या साली पावसानं हुलकावणी दिली होती आणि चैत्र लागायच्या आतच नांदेडात देगलूर नाक्यावरच्या नळाला घागरींची रांग लागायला लागली होती. जुनी माणसं म्हणायची, याला बहात्तरची सर नाही. पण म्हणताना एकदा आभाळाकडे बघून घ्यायची.

त्या नाक्यावर अजीज मिस्त्रीचं गॅरेज होतं. बाभळीच्या सावलीला पत्र्याची शेड, समोर तेलानं काळी झालेली जमीन, आणि कायम पोट उघडं टाकून उभा असलेला एखादा ट्रक. पोट ट्रकवर चालायचं, पण अजीजचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. तो जुन्या जीपा हुडकून द्यायचा. लढाईच्या काळात परदेशातून आलेल्या, डाव्या अंगाला स्टिअरिंग असलेल्या त्या जीपा लढाई सरल्यावर लष्करानं हर्रासात, म्हणजे लिलावात, काढल्या होत्या. मराठवाड्यात त्या कुठं कुठं पांगल्या होत्या. कुणा ठेकेदाराकडे, कुणा जिनिंगवाल्याकडे, कुणाच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून. हैदराबाद-औरंगाबादचे शौकीन अजीजकडे निरोप धाडायचे, आणि अजीज गावोगाव विचारत फिरून त्यांना गाडी मिळवून द्यायचा. त्यानं "खरी आहे" म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाला विचारत नसे.

हे सगळं तीनेक वर्षांपूर्वीपर्यंत.

नांदेडातच व्यंकटराव म्हणून पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर राहत. मूळचे देगलूरकडचे, घरात तेलुगू बोलणारे, कमी शब्दांचे. उमेदीतली सगळी मोजणी त्यांनी तसल्या जीपमधून केलेली, म्हणून म्हातारपणी त्यांना एक अस्सल जीप दारात हवी होती. अजीजनं हदगावकडून एक आणून दिली. सीटसमोरची नंबराची पितळी पाटी अस्सल होती. खालचा सांगाडा मात्र दुसऱ्याच गाडीचा निघाला, मधून कापून जोडलेला, वरून डांबर फासलेला. अजीजनं तो खाली शिरून पाहिला नव्हता. त्या दिवशी त्याला तिथूनच एका वलीम्याला, लग्नाच्या जेवणाला, जायचं होतं आणि अंगावर सालेहानं इस्त्री केलेला पांढरा कुडता होता. चूक एवढीच.

व्यंकटराव भांडले नाहीत. पैसेही परत मागितले नाहीत. फक्त त्यांची रोजची गाडी, जी वर्षानुवर्षं अजीजकडे यायची, ती पलीकडच्या गॅरेजात जायला लागली. वाटेत भेटले की ते आधीसारखंच विचारायचे, "काय अजीज, तब्येत बरी?" आणि त्या "बरी"नं अजीजचं तोंड पडायचं. शौकीन लोकांची दुनिया लहान असते. वर्षभरात निरोप यायचे बंद झाले.

सालेहा, अजीजची बायको, हे सगळं घरातून बघत होती. ती भोकरची. तिचे वडील बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे आणि बोलीला पक्के होते. माणसाचा शब्द उतरला की त्याचं काय होतं हे तिनं बाजारात लहानपणी पाहिलं होतं. जेवताना जीपांच्या गोष्टी सांगून भाकरी गार करणारा नवरा आता मुकाट जेवायचा. ती एकदा म्हणाली, "अजी, एक खरी हुडकून त्यांच्या दारात नेऊन उभी करा. दुसरा इलाज नाही याला."

"खऱ्या आता राहिल्यात कुठं," अजीज म्हणाला.

त्या उन्हाळ्यात लातूरला सरकारी मोडीत निघालेल्या जीपांचा हर्रास होता. जिल्हा नवा, कचेऱ्या भाड्याच्या घरांत, टेबलं उसनी. आणि वाटणीत धाकट्या भावाला चेपलेली भांडी यावीत तशा उस्मानाबादेहून जुन्या गाड्या आलेल्या. अजीज सुट्या भागांसाठी गेला होता. तिथल्या आवारात ग्यानोबा नावाचा नवा लागलेला शिपाई टोकन वाटत होता. अजीज एका जीपच्या बोल्टांकडे निरखून बघतोय हे बघून तो म्हणाला, "मिस्त्री, ह्याच्यात काय हाय एवढं? ह्याच्यापरीस म्हातारी आमच्या गोठ्यात हाय. डाव्या हाताची."

अजीजनं हर्रास तसाच सोडला.

ग्यानोबाचं गाव रेणापूरच्या अलीकडे. घरी त्याची आई कोंडाबाई एकटी असते, म्हणून पुढच्या रविवारी अजीज सालेहाला बरोबर घेऊन गेला. परक्या बाईमाणसाच्या घरी आपण एकटं जाऊ नये, हे त्याचं साधं वळण. लोहा, अहमदपूर करत एसटी लातूरला पोचेतो दोघांच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या.

कोंडाबाईचं घर बौद्धवाड्याच्या कडेला होतं. दर्शनी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली धुतलेला पाट. मागं गोठा. गोठ्यात एका अंगाला बैलजोडी, आणि दुसऱ्या अंगाला, जिथं गाय असायची तिथं, जीप. तिच्या टपावर कडबा रचलेला, बॉनेटवर शेणाचे शिंतोडे.

"डाव्या अंगानं जा, मिस्त्री," कोंडाबाई म्हणाली. "आन् हँडल मारायच्या भानगडीत पडू नका. उलटी लाथ मारती ती. आमच्या मालकाचा अंगठा मोडला व्हता एकदा."

"आमच्यावर बी मारलीय अशा लई जणींनी," अजीज म्हणाला, आणि सालेहानं त्याच्याकडे पाहिल्यावर घाईनं जोडलं, "गाड्यांनी."

कोंडाबाई पदराआड हसली.

अजीजनं आधी बोल्ट पुसले. प्रत्येकाच्या डोक्यावर कारखान्याची खूण म्हणून बारीक इंग्रजी एफ कोरलेला होता. मग शेजारच्या सीटसमोरची पितळी पाटी. धुरानं आणि शेणानं तिचं पितळ दिसत नव्हतं. रॉकेलच्या बोळ्यानं घासल्यावर नंबर वर आला, आणि खाली साल, त्रेचाळीस. मग त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला आणि उघड्या अंगानं, शेणामुतात पाठ टेकून, जीपच्या खाली शिरला. सालेहाला हदगावचा पांढरा कुडता आठवला.

खालून बराच वेळ खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग अजीजचा आवाज आला, हळू. "तोच आहे. सालेहा, नंबर तोच आहे."

चहा गुळाचा होता. कोंडाबाई सांगत होती आणि सालेहा ऐकत होती. नवरा केरबा लातूरच्या एका ठेकेदाराकडे ड्रायव्हर होता. बहात्तरच्या दुष्काळात हीच जीप तलावाच्या कामावर सुकडीचे डबे घेऊन जायची.

"आम्ही बाया खडी फोडायलो व्हतो. हिचा आवाज लांबून यायचा. पोरं बसल्या जागची उठून उभी राहायची. बोलायचं त्राण न्हाई, पण उभी राहायची." कोंडाबाईनं बशी खाली ठेवली. "त्याच साली बैल इकले आम्ही. गोठा असा मोकळा पडला की तिकडं बघवंना. पुढं ठेकेदारानं नवी गाडी घेतली आन् ही ह्यांच्या हवाली केली. ह्यांनी आणून गोठ्यात बांधली."

"बांधली?"

"मग? खरंच साखळी व्हती चाकाला. मागलं चाक उचलून त्याला पट्टा लावायचे आन् कडबा कुटायचे. आता मालक गेले. ग्यानोबा लातूरला खोली करून राहिलाय. त्याला गोठा पाडून दोन खणाचं घर बांधायचंय. बैल अर्धलीनं, वाट्यावर, देऊन टाकीन. हिला कोण संभाळंल?"

बोलता बोलता सालेहाची नजर गोठ्याच्या मेढीकडे गेली. तिथं एका खुंटीला दोन जुनी दावी लटकत होती, तेल पाजल्यासारखी काळी. दावणीला बैल होते, त्यांच्या गळ्यात त्यांची दावी होती. ही दोन मग कुणाची, हे तिनं विचारलं नाही. तिला विचारायची गरज पडली नाही.

सौदा ठरला. आठवड्यानं अजीज उदगीरच्या वीरण्णाचा ट्रक घेऊन गेला, फळ्या लावून जीप चढवली, वर ताडपत्री बांधली आणि निघाला. सालेहा या खेपेला नव्हती. निघताना अजीज इतका आनंदात होता की गाडीत पुन्हा डोकावून बघायचंही त्याला सुचलं नाही. वाटेत वीरण्णानं विचारलं, "मिस्त्री, लगीन लावून आनायलाव का कुनाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अजीजचा निरोप मिळून व्यंकटराव स्वतः देगलूर नाक्यावर आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. अजीजनं ताडपत्री ओढली. व्यंकटरावांनी जीपभोवती एक फेरी मारली, बोल्टांवरून अंगठा फिरवला, आणि सीटसमोर वाकून चष्मा लावला.

पाटीच्या जागी चार भोकं होती. भोकांच्या कडा ताज्या, चकचकीत.

"पाटी होती म्हणतोस?"

"होती साहेब. मी माझ्या हातानं पुसली. नंबर खालच्याशी जुळला होता. खुदा गवाह है."

व्यंकटरावांनी भोकांवरून बोट फिरवलं. नुसत्या सांगाड्याच्या नंबरावर विसंबायचे ते दिवस नव्हते. नंबर ठोकणारे कारागीर गल्लोगल्ली होते. पाटी आणि सांगाडा, दोन्ही बोलले तरच गाडी खरी. आणि नुसती पाटी बोलणारी हदगावची गाडी त्यांच्या दारात होतीच.

"बरं," ते म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवला. "तब्येत सांभाळ." आणि गेले.

अजीज दुपारी घरी आला तो जेवलाच नाही. "त्या ग्यानोबाचं काम हे," तो म्हणाला. "कचेरीत चार दिवस बसला, शहाणा झाला. पाटी वेगळी विकली त्यानं. नाहीतर वीरण्णाचा क्लीनर. जाऊन धरतो एकेकाची गचांडी."

"बसा आधी," सालेहा म्हणाली. "गोठ्यात खुंटीला दोन दावी होती. पाहिली होती का?"

"मी जीप बघत होतो."

"तेच तर. दावणीला बैल त्यांच्या दाव्यासकट होते. मग खुंटीवरची कुणाची? बहात्तर साली विकलेल्या बैलांची." अजीजला काही उमजेना, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. "अब्बाच्या बाजारात कुणीही दाव्यासकट बैल विकत नव्हतं. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं. विकणारा आपलं सोडून घरी नेतो आणि खुंटीला टांगतो. जनावर गेलं तरी दावण मोडू नये म्हणून. एकदा हैदराबादच्या एका गिऱ्हाइकानं दावं पण मागितलं, तर अब्बानं सौदा मोडून त्याला उठवलं."

"अगे पण जीपला कुठलं दावं?"

"मावशीपुढं पण हाच सवाल पडला असेल," सालेहा म्हणाली.

पुढच्या रविवारी दोघं पुन्हा रेणापूरच्या वाटेला लागले. गोठ्यात शिरताच अजीज थबकला. खुंटीवर दोन दाव्यांच्या शेजारी, सुतळीत ओवलेली, चिंच लावून लखलखीत घासलेली पितळी पाटी लटकत होती.

"हाव, मीच काढली," कोंडाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात चोरी अजिबात नव्हती. "तुमचा टरक यायच्या आदल्या दिशी. कामून?"

"मावशी, ती गाडीची आहे," अजीज म्हणाला.

"गाडी दिली की तुम्हाला. चाकं दिली, हँडल दिलं, सीटखालचा पाना बी दिला. मी काय टोपण ठेवून घेतलं का? साखळी ठिवणार व्हते, तर ती मालकानं मागाहून आणलेली. हिच्या जन्मापासून अंगावर काय हाय म्हणून बघितलं, तर ही घावली."

ग्यानोबा सुटीचा घरीच होता. तो कानकोंडा झाला. "माय, देऊन टाक की. लोकाला कळलं तर काय म्हणतील? आपण असलं काही मानत न्हाई."

"तुझ्या हापिसाला दावण हाय का?" कोंडाबाई म्हणाली. "पूजा केली का मी तिची? कुंकू लावलं का? देव आम्ही छप्पन साली सोडले, बापू. ही खूण हाय. बहात्तरला दावी ठिवली म्हनून पंच्याहत्तरला बैल आले. येगळं काय सांगू तुला?"

अजीजचा हात खुंटीकडे गेला. पूर्ण गाडीचा सौदा झाला होता, त्याचा हक्क होता, आणि म्हातारी आडवी पडणार नव्हती. हात पाटीला लागायच्या आत सालेहा म्हणाली, "अजी. नक्को."

तिनं आवाज चढवला नव्हता. अजीजनं हात मागं घेतला आणि तो बाहेर बाजेवर जाऊन बसला.

मग सालेहा कोंडाबाईजवळ भुईवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. हदगावचं, पांढऱ्या कुडत्याचं, व्यंकटरावांच्या "बरी?"चं. "पाटी त्यांनी पाहिली नाही, मावशी, तर ह्यांचं बोलणं पुन्हा कुणी खरं मानणार नाही. आमच्याकडं दुसरं काही मागणं नाही."

कोंडाबाईनं तंबाखू मळली.

"मग सायबाला हितं आण," ती म्हणाली. "डोळ्यानं बघू दे, हातात घिऊ दे. दावं बघायला कुनाला मनाई हाय?"

व्यंकटरावांकडे जायला अजीजचे पाय उचलत नव्हते. सालेहाच पुढं झाली, अजीज मागं. त्यांच्या ओसरीवर उभं राहून तिनं जसं घडलं तसं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "पाटी इथं येणार नाही साहेब. तुम्हालाच तिथं यावं लागंल."

व्यंकटराव झोपाळ्यावर बसले होते. पायानं झोपाळा थांबवला. "आमचे आजोबा गाय विकली की ताडू काढून ठेवायचे," ते म्हणाले. "ताडू म्हणजे दावंच. माळ्यावर ढीग होता त्यांचा. आईनं त्यांची पायपुसणी केली." मग अजीजकडे न बघता, "सांगाड्यावरच्या नंबराचा ठसा घेतो मी उद्या. मग निघू."

त्यांनी स्वतः जीपखाली झोपून, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. तो कागद घेऊन तिघं त्यांच्या रोजच्या गाडीतून निघाले. गाडी थांबवताना डावीकडे ओढत होती हे अजीजला दर वळणाला जाणवत होतं, पण तो गप्प बसला.

गोठ्यातून कोंडाबाईनं पाटी सुतळीसकट बाहेर आणली आणि व्यंकटरावांच्या हातात दिली. उन्हात त्यांनी पाटीशेजारी कागद धरला. एक एक आकडा बोटानं दाबत शेवटपर्यंत गेले. पुन्हा पहिल्यापासून गेले. मग बाजेवर बसले.

"पटलं का?" कोंडाबाईनं विचारलं.

"पटलं."

"आता आणा हिकडं."

व्यंकटरावांनी पाटी एकदा उलटी करून पाहिली. मागच्या बाजूला कुणीतरी खिळ्यानं नुकतंच केरबाचं नाव कोरलं होतं, वेडंवाकडं. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत दिली. "जनावर माझ्याकडं चांगलं राहील," ते म्हणाले.

"रोज पाणी दाखवा," कोंडाबाई म्हणाली. "लई पिती."

परतताना अहमदपूरच्या पुढं व्यंकटरावांनी गाडी बाजूला घेतली, किल्ली अजीजच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी जाऊन बसले. "ब्रेक डावीकडं ओढतात," ते म्हणाले. "पलीकडच्याला जमलं नाही. उद्यापासून तुझ्याकडं राहू दे."

अजीजनं गाडी सुरू केली. मागं बसलेल्या सालेहाला त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याचे कान तेवढे दिसत होते, आणि लाल झाले होते.

त्या जीपच्या चार भोकांवर व्यंकटरावांनी एक कोरी पितळी पट्टी बसवून घेतली. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं असतं, असं ते विचारणाऱ्याला सांगत. डोळे अधू होईपर्यंत ते ती जीप स्वतः चालवत होते. ते गेल्यावर ती हैदराबादला त्यांच्या मुलीकडे गेली.

वीरण्णानं पुढं ट्रक विकला आणि उदगीरला टायरचं दुकान टाकलं. हर्रासातल्या त्या मोडक्या जीपांपैकी दोन अजीजनंच नंतर उभ्या केल्या. त्याच्याकडे निरोप पुन्हा येऊ लागले होते. पंधराएक वर्षं त्यानं ते काम केलं, आणि दर वेळी सदरा काढून गाडीखाली शिरला. शेवटी गुडघे गेले, मग साखर वाढली. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

कोंडाबाई त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी वारली. त्या पहाटे तिचं घर हललं होतं, पण पडलं नव्हतं. ग्यानोबा बढत्या घेत अव्वल कारकून होऊन निवृत्त झाला. गोठा त्यानं पाडला, दावी आणि पाटी मात्र लातूरच्या घरी नेली. स्वयंपाकघराच्या दाराआड, गॅसच्या टाकीच्या वर, ती तिन्ही एकाच खिळ्याला आहेत. त्याच्या बायकोनं एकदा दावी टाकून द्यायला काढली होती, तर तो सबंध दिवस जेवला नाही.

सालेहा नांदेडातच आहे, थोरल्या लेकाकडे. गुडघे धरून का होईना, ईदच्या आदल्या दिवशी ती अजून शेवया स्वतः भाजते. मागच्या हिवाळ्यात सुनेनं तिला मोबाइलवर एक फोटो दाखवला. ती जीप विकायला निघाली होती. सालेहानं चष्मा पुसून फोटो जवळ घेतला. डावं स्टिअरिंग, आणि सीटसमोर ती कोरी पट्टी. खाली व्यंकटरावांच्या मुलीनं लिहिलं होतं, मूळ पाटी गाडीसोबत मिळणार नाही, ती लातूरला जाऊन पाहता येईल. आणि पत्ता विचारण्यासाठी नंबर दिला होता सालेहाचा.

दोन-चार फोन आले. ती प्रत्येकाला म्हणाली, लातूरला रविवारीच जा, निवृत्त झाला तरी ग्यानोबा घरी सापडतो तो रविवारीच.